जवसाचे तेल आणि संतचरित्राचा साचा

बारामतीच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'ऑइल पेंट द्या' असे म्हटले, की दुकानदार विचारतो, 'दाराला की ग्रिलला?' इंदापुरातही याहून वेगळा प्रश्न येत नाही. आमच्या भागात 'ऑइल पेंट' म्हणजे एनॅमलचा डबा आणि 'पेंटर' म्हणजे दुकानाच्या पाट्या, ट्रॉलीच्या फळ्या, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार रंगवणारा माणूस. कॅनव्हासवर तैलरंगात चित्र काढणाऱ्याला आपण 'चित्रकार' म्हणतो. शब्द दोन, आणि त्यांच्यामध्ये एक जुनी, न बोललेली उतरंड. ही उतरंड मराठीच्या वर्गातही बसलेली आहे आणि तिचे रक्षण आपण मराठीचे अध्यापकच करत आलो आहोत, असे माझे म्हणणे आहे. ते कबुलीपासूनच सुरू करतो.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एम. ए.च्या विद्यार्थ्यांना मी चरित्रलेखनावर एक निबंध लिहायला सांगितला होता. कोणताही कलावंत निवडा, त्याच्याविषयी उपलब्ध असलेले मराठी लेखन वाचा आणि त्याचे आकलन मांडा, असा साधा विषय. बहुतेकांनी लेखक निवडले, दोघांनी गायक. इंदापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने मात्र वासुदेव गायतोंडे निवडले. त्याचे वडील पाट्या रंगवत. निबंधात त्याने गायतोंड्यांच्या एकांतवासाविषयी, मौनाविषयी चार ओळी लिहिल्या आणि पुढची अडीच पाने रंगाच्या थरांवर खर्च केली. खालचा थर पुरता वाळण्याआधी वरचा मारला तर सुरकुत्या पडतात, हे त्याला घरातच ठाऊक होते. त्यावरून त्याने असा तर्क केला होता, की ज्या माणसाला पातळ थरांवर थर चढवायचे आहेत तो घाई करूच शकत नाही. त्याने वर्षाला मोजकीच चित्रे केली, यामागे वैराग्याइतकीच रंगाची गरजही असणार. मी लाल शाईने शेरा दिला : 'तांत्रिक तपशील अनावश्यक. आशयाकडे लक्ष द्यावे.' वीसपैकी नऊ गुण.

त्याचा तर्क पूर्णपणे बरोबर होता असे मी आजही म्हणणार नाही. पण वर्गातल्या सगळ्या निबंधांत तेवढा एकच निबंध कलावंत दिवसभर करतो तरी काय, असा प्रश्न विचारत होता. बाकीचे सारे निबंध, त्या लेखकांवरचेसुद्धा, एकाच साच्यातून निघाले होते. लहानपणी हलाखी, मग उपेक्षा, मग विक्षिप्तपणा, मग एकटेपणा, शेवटी मरणोत्तर कीर्ती. मी त्या निबंधांना चौदा-पंधरा गुण दिले होते, कारण मला स्वतःला दुसरा साचा माहीत नव्हता.

हा साचा येतो कुठून? महिपतीने १७६२ मध्ये 'भक्तविजय' पूर्ण केला, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे मोठ्या माणसाची कथा सांगण्याची एक रीत पडून गेली आहे. संत जगात असतो पण जगाचा नसतो, लोक त्याची हेटाळणी करतात, त्याचे काम नष्ट करण्याचा प्रयत्न होतो आणि चमत्काराने ते तरते. दरवर्षी तुकोबांची पालखी ज्या रस्त्याने बारामती, सणसर, निमगाव केतकी असे करत इंदापूरला जाते, त्या रस्त्यावर राहणाऱ्या आम्हां लोकांच्या तर हे रक्तातच आहे. इंद्रायणीत बुडालेली गाथा तरली, ही कथा आम्ही अक्षर ओळखण्याआधी ऐकतो. त्या कथेशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते कुठल्याही कलावंताला पकडून त्या कथेत कोंबण्याशी.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांचेच पाहा. १९३१ मध्ये ते गेले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार मराठी वाचकाला कशामुळे माहीत आहे? तर महाराजांच्या निधनानंतर त्यांनी आपली चित्रे कोटीतीर्थाच्या तळ्यात बुडवली, या आख्यायिकेमुळे. इंद्रायणी जाऊन कोटीतीर्थ आले, गाथा जाऊन चित्रे आली, फक्त ती तरली नाहीत. ही कथा लिहिताना आपल्या लेखकांचा कंठ दाटून येतो. पण ती चित्रे कागदावरची होती की कापडावरची, हे विचारावे असे कुणाला वाटत नाही. जलरंग पाण्यात विरघळतो. वाळलेला तैलरंग विरघळत नाही. कॅनव्हासचे सरसाचे अस्तर भिजून सुटते, कापड कुजते, पण ते काही एका रात्रीत होत नाही. म्हणजे चित्रे 'बुडवली' या एका क्रियापदाच्या आत दोन वेगवेगळ्या घटना दडलेल्या असू शकतात. हा प्रश्न विचारल्याने आख्यायिकेचे दुःख कमी होत नाही. उलट ते दुःख कशाचे आहे, हे कळते. पण तो विचारायचा तर चित्र ही वस्तू आहे, हे आधी मान्य करावे लागते. साच्याला ते नको असते. त्याला चित्रकाराचा आत्मा हवा असतो. त्याच्या हातातला ब्रश ही अडचण असते.

गायतोंड्यांच्या बाबतीत हे फार ठळकपणे घडले. १९२४ मध्ये नागपुरात जन्म, बालपण गिरगावातल्या चाळीत, १९४८ मध्ये जे. जे.ची पदविका, पुढे भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधला स्टुडिओ, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्ली, आणि २००१ मध्ये तिथेच मृत्यू. त्यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले त्यात सतीश नाईक यांच्या 'चिन्ह'ने केलेले काम मोठे आहे, हे आधीच सांगितले पाहिजे; त्या अंकांनी माणसे शोधून, आठवणी गोळा करून सामग्री जमवली. पण ती सामग्री वाचणाऱ्या आम्हां साहित्यवाल्यांनी काय उचलले? 'मुनी', 'योगी', 'मौनी', 'अवलिया'. झेन, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज. गायतोंड्यांचा या विचारांकडे ओढा होता, यात शंका नाही. (निसर्गदत्त महाराज खेतवाडीत राहत आणि विड्यांचे दुकान चालवत, हे मात्र आपण लिहिताना हळूच वगळतो. मुनींचा गुरू विड्या विकतो म्हटल्यावर वाक्याचा सूर बिघडतो.) आणि २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र तेवीस कोटींच्या वर गेले, तेव्हा साचा पुरा झाला. मरणोत्तर कीर्ती रुपयांत मोजून मिळाली.

आता स्टुडिओत काय चालत असे ते पाहू. ब्रश त्यांनी जवळजवळ बाजूला ठेवला होता. रोलरने ते रंगाचे पातळ थर चढवत, पॅलेट नाइफने ते खरवडत, सरकवत. कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून रंग उचलत किंवा ठसवत. रोलर! भिंती रंगवणाऱ्याचे हत्यार. ब्रशचा फटकारा हा चित्रकाराच्या सहीसारखा असतो. त्यातून हाताचा जोर, वेग, दिशा कळते. रोलर ती सही पुसतो. रंगाला समान पसरवतो आणि त्या समान पसरलेल्या रंगातून मग जे खरवडले, उचलले जाते, ते 'काढलेले' न वाटता आतून वर आलेले वाटते. त्यांच्या चित्रांतला तो प्रसिद्ध प्रकाश, ज्याला आपण चटकन 'आध्यात्मिक' म्हणून मोकळे होतो, तो पातळ थरांतून खालचा थर दिसण्याचा परिणाम आहे. हे म्हटल्याने अध्यात्म उणे होते, असे ज्याला वाटते त्याची अध्यात्माची कल्पनाच तकलादू आहे.

तैलरंगाचा स्वभाव इथे समजून घ्यावा लागतो आणि तो दोन वाक्यांत सांगता येतो. जलरंगातले पाणी उडून जाते आणि रंग वाळतो. तैलरंगातले जवसाचे तेल उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. पातळ थराला दिवस लागतात, जाड थराला आठवडे, कधी महिने. म्हणून खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त, हा चित्रशाळेतला जुना नियम. तो मोडला तर खालचा थर नंतर आकसतो आणि वरच्याला तडे जातात. पावसाळ्यात हवा दमट झाली की सगळेच लांबते. म्हणजे तैलचित्रकाराच्या दिवसाचा फार मोठा भाग थांबण्यात जातो. समोर बसून पाहण्यात, आज हात लावायचा की नाही हे ठरवण्यात. बाहेरून पाहणाऱ्याला हे मौन दिसते. ते मौन असेलही. पण त्याला एक कारण कॅनव्हासवरही आहे आणि माझ्या विद्यार्थ्याने नेमके तेच लिहिले होते.

याहून बोचणारी गोष्ट पुढची आहे. १९८४ मध्ये गायतोंड्यांना अपघात झाला आणि त्यानंतर काही वर्षे मोठ्या कॅनव्हासवर काम करणे त्यांना शक्य झाले नाही. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली. एका माणसाची मान दुखते, शरीर साथ देत नाही, उभे राहून रोलर फिरवता येत नाही, म्हणून तो कागदाएवढा होतो आणि तरीही काम सोडत नाही. चरित्रकाराला याहून मोठा प्रसंग कोणता हवा? पण मी वाचलेल्या आणि, खरे सांगायचे तर, वर्गात सांगितलेल्या कथेत या वर्षांना 'मौनाचा कालखंड' असे नाव पडले होते. दुखणाऱ्या शरीरावर आपण समाधीची शाल पांघरली. हा गौरव नव्हे. जिथे माणूस खरोखर झगडत होता नेमकी तीच जागा आपण झाकून टाकली.

मग प्रश्न उरतो तो असा, की हे आपण का करतो? माझे उत्तर आहे की मराठी समीक्षेला हाताच्या कामाची लाज वाटते. आणि याचा पुरावा शोधायला मला बारामतीच्या बाहेर जावे लागत नाही.

मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याचे, पण त्यांचे आयुष्य गेले ते बारामतीत, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली. निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारायचे एकही अक्षर येत नाही. परंतु रामायणात प्रत्येक पद्यात 'परंतु' हा शब्द आहे. एकच कथा, पुन्हा पुन्हा, दर वेळी नवे बंधन स्वतःवर घालून. या माणसाला आपण वर्गात कसे शिकवतो? 'पांडित्यप्रदर्शन', 'शब्दांची कसरत', 'कृत्रिमता'. आणि मग तोंड गोड करण्यासाठी 'केकावलीत मात्र त्यांचे हृदय प्रकटते'. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त पंतांची बाजू घेऊन मोठा निबंध लिहिला, त्यालाही दीडशे वर्षे होत आली. पण आपल्या प्रश्नपत्रिकेत पंत अजून आरोपीच्या पिंजऱ्यात आहेत. 'मोरोपंत हे कवी की कारागीर?' हा प्रश्न मी स्वतः परीक्षेत घातला आहे. प्रश्नातल्या 'की'ने उत्तर आधीच ठरवून टाकलेले असते.

एकाच विषयावर शंभराहून जास्त वेळा हात चालवणे, दर वेळी एक हत्यार स्वतःपासून काढून घेणे (आज ओष्ठ्य वर्ण वापरायचे नाहीत, उद्या आणखी काही), आणि त्या अडचणीतून भाषा कुठे वाकते, कुठे तुटते ते पाहणे, याला चित्रकाराच्या जगात एक साधे नाव आहे : अभ्यास. तिथे 'स्टडी' म्हणून चित्रे टांगतात आणि लोक ती आदराने पाहतात. एकच घागर वीस प्रकाशांत रंगवणाऱ्याला कुणी 'कसरत करतो' म्हणत नाही. पंतांचा वाडा रोज डोळ्यांसमोर असलेल्या गावात मराठी शिकवताना मला हे सुचायला चित्रकलेचा वळसा घ्यावा लागला, याची मला शरम वाटते.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. संतपरंपरेला या लाजेसाठी जबाबदार धरता येणार नाही. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार यांनी आपापल्या धंद्याची भाषा अभंगात आणली. चाक, मळा, ऐरण ही त्यांची परमार्थाची साधने होती. हात आणि आत्मा अशी फाळणी त्यांनी केली नाही. ती केली ती पुढे, जेव्हा संतांचे चरित्र उरले आणि त्यांचा धंदा केवळ 'व्यवसायाने कुंभार' अशा एका वाक्यापुरता झाला. गोरोबांच्या कवितेतून कुंभाराचे चाक काढून टाकून तिच्यातली भक्ती शिकवता येते, असे मानणाऱ्या पंडितांची ही करामत आहे. त्यात हाताने काम करणारी जात कोणती आणि समीक्षा लिहिणारी जात कोणती, हाही हिशेब आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

याची गंमत अशी, की आपली समीक्षेची भाषा चित्रकाराच्या कर्जावर जगते. व्यक्तिरेखा, शब्दचित्र, पार्श्वभूमी, छटा, उठाव, रेखाटन, 'भडक रंगात', 'ठसठशीत', 'पुसट', 'रंगवणे' या शब्दांवाचून कादंबरीवर अर्धे पान लिहून पाहा. उधारी एवढी मोठी, पण सावकाराच्या दुकानाची पायरी आपण चढत नाही. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. संवाद, विरोध, समतोल ही लयीची तीन तत्त्वे विद्यार्थी घोकतात. पण दोन रंगांमधला विरोध प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्यावाचून हे शब्द म्हणजे नुसती घोकंपट्टी. हिरव्याशेजारी ठेवलेला तांबडा आणि राखाडीशेजारी ठेवलेला तोच तांबडा एकसारखे दिसत नाहीत, हे दाखवायला दोन रंगीत कागद पुरतात. मी अनेक वर्षे ते कधी दाखवले नाही. फळ्यावर 'विरोध' असा शब्द लिहिला आणि पुढे गेलो.

सहकारी म्हणतात, हे आपले काम नव्हे. साहित्याच्या अध्यापकाला जवसाच्या तेलाशी काय देणेघेणे? चित्रकारांनी त्यांचे लिहावे. या युक्तिवादाला माझे उत्तर असे, की चित्रकारांनी लिहिले आहे, उत्तम मराठीत लिहिले आहे, आणि आपण ते वाचलेले नाही. म. वि. धुरंधर १८९० मध्ये जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि पुढे तिथेच शिकवत राहिले. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन आमच्या आत्मचरित्राच्या अभ्यासक्रमात मी कधी पाहिले नाही. आपण लेखकांची आत्मचरित्रे लावतो, समाजसुधारकांची लावतो, नटांची लावतो. चार दशके एका संस्थेत रोज चित्र शिकवणाऱ्या आणि काढणाऱ्या माणसाचे गद्य मात्र 'कलाविषयक' म्हणून ग्रंथालयाच्या दुसऱ्या कपाटात जाते. त्यांची कन्या अंबिका धुरंधर यांनीही आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. स्त्रियांच्या आत्मकथनांवर आपल्याकडे किती चर्चासत्रे झाली! चित्रकार बापाच्या घरात चित्रकार होणाऱ्या मुलीचे लेखन त्यांतल्या एकाही चर्चासत्रात मी ऐकले नाही.

आणि प्रभाकर बरवे. १९३६ मध्ये नागावला जन्म, १९९५ मध्ये मृत्यू. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' १९९० मध्ये आले. मराठीत चित्रकाराने विचार कसा करावा आणि तो विचार साध्या गद्यात कसा मांडावा, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. ते पुस्तक आत्मा-परमात्म्याने सुरू होत नाही, पाहण्याने सुरू होते. वस्तू, तिचा आकार, तिच्याभोवतीची रिकामी जागा. एक आकार दुसऱ्याशेजारी आला की काय घडते. ललितगद्य शिकवणाऱ्या कुणालाही त्यातले चार पाठ वर्गात घेता येतील. आणि बरव्यांनी आपली बहुतेक प्रसिद्ध चित्रे कशाने रंगवली? एनॅमलने. आमच्या बारामतीच्या दुकानातल्या 'दाराला की ग्रिलला' या प्रश्नातल्या एनॅमलने. हा रंग आपोआप सपाट बसतो, ब्रशच्या खुणा त्यात मिटून जातात, पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत होतो. बरव्यांच्या कॅनव्हासवर तरंगणारी ती घड्याळे, ती पाने इतकी अलिप्त, इतकी नीरव का दिसतात, याचे निम्मे उत्तर त्या डब्यात आहे. त्यांनी तो डबा का निवडला असेल, हा प्रश्न पाटी रंगवणाऱ्याच्या मुलाला आपल्यापेक्षा आधी पडेल.

२०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. उद्घाटनाच्या कार्यक्रमात अमोल पालेकर यांचे भाषण मध्येच थांबवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यावर देशभर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. बोलणाऱ्याला अडवणे ही लहान गोष्ट नव्हे. पण आम्हां मराठीच्या अध्यापकांच्या कट्ट्यावर आठवडाभर जी चर्चा चालली तीत भाषण होते, सरकार होते, स्वातंत्र्य होते, बरवे नव्हते. भिंतीवर काय टांगले आहे, असे कुणी विचारले नाही. मीही विचारले नाही. प्रदर्शन मुंबईत, आम्ही बारामतीत, ही सबब खरी आहे, पण पुरेशी नाही. संमेलनाला जायला आम्हांला कधी अंतर आडवे आले नाही.

अंतराचेच म्हणाल, तर पुणे काही दूर नाही. बालगंधर्व रंगमंदिरात नाटकाला आमचे विद्यार्थी जातात. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची तैलचित्रे आहेत. मध्यंतरात त्यांच्यासमोर उभे राहून लोक वडा खातात. गेल्या काही वर्षांत मी मुलांना नाटकाआधी अर्धा तास लवकर नेतो आणि त्यांना एकच काम देतो : शालूचा काठ जवळून पाहा आणि मग दहा पावले मागे जा. जवळून जे नुसते रंगाचे फटकारे असतात ते मागे गेल्यावर जर होतात, रेशीम होतात. ते नेमके कितव्या पावलावर होते, ते वहीत लिहा. एका मुलीने लिहिले होते, 'सातव्या पावलावर'. वास्तववादी वर्णन म्हणजे काय, यावर मी दिलेल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा ती ओळ मला मोलाची वाटते. हरिभाऊ आपटे शिकवताना मी आता विचारतो : इथे लेखक कितव्या पावलावर उभा आहे?

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांच्या बाजूने येतो आणि तो मला अधिक टोचतो. सर, हे सगळे परीक्षेत येते का? नाही येत. आणि आपण पेपर तपासणारे आहोत तोवर येणारही नाही, कारण 'आशय' आणि 'अभिव्यक्ती' असे दोन रकाने पाडून पहिल्यात जास्त गुण ठेवणारे आपणच. जो मुलगा हाताने काम करणाऱ्या घरातून येतो त्याच्याकडे दुसऱ्या रकान्याचे ज्ञान पिढीजात असते. सुताराच्या मुलाला सांधा कळतो, शिंप्याच्या मुलीला बेत कळतो, पेंटरच्या मुलाला थर कळतो. वर्गात आल्यावर आपण त्यांना पहिली शिकवण देतो ती ही, की हे सगळे बाहेर चपलांबरोबर काढून ठेवा. मग ती मुले आपल्याच तोंडचे 'चिरंतन', 'अस्सल', 'तरल' हे शब्द आपल्याला परत करतात आणि आपण त्यांना चौदा गुण देतो.

बाबूराव पेंटरांचे आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता 'पेंटर' हेच नाव चिकटले आणि त्यांनी ते मिरवले. त्यांनी तैलचित्रे केली, कॅमेरा तयार केला, 'सैरंध्री' आणि 'सावकारी पाश' काढले. कोल्हापुरात त्या शब्दाला प्रतिष्ठा आहे. आमच्याकडे फ्लेक्स आले आणि पेंटर हा शब्दच बाजारातून उठला. कारखान्याच्या वजनकाट्यावरची पाटी, सोसायटीचा फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळे छापून येऊ लागले. अक्षराला सावली देणारी, 'श्री' मधला र-कार एका दमात ओढणारी माणसे घरी बसली. त्यांच्यावर मराठीत कुणी काही लिहिले असेल तर मला वाचायला आवडेल.

त्या निबंधाकडे परत येतो. दोन वर्षांपूर्वी चरित्रलेखनावर एक व्याख्यान तयार करताना मला त्यातली थरांवरची पाने पुन्हा पाहावीशी वाटली. महाविद्यालयातले जुने निबंध रद्दीत गेले होते. मी त्या विद्यार्थ्याचा नंबर मिळवला. तो आता एमआयडीसीत पाळीत काम करतो. फोनवर ओळख दिल्यावर म्हणाला, 'बोला सर.' निबंध आहे का, असे विचारले. नव्हता. गुण कमी दिल्याबद्दल मी काहीतरी पुटपुटलो, तर तो म्हणाला, 'तुमचं बरोबर होतं सर, तेव्हा मला आशय कळत नव्हता.' मी त्याला तसे नव्हते हे समजावण्याचा प्रयत्न केला. त्याची पाळी सुरू व्हायची होती. वडिलांचे काय चालले आहे, असे विचारले. म्हणाला, ब्रश अजून रॉकेलच्या डब्यात ठेवतात, काम नाही, पण वाळू देत नाहीत.